कोलायटिस, क्रोन्स आणि 'रक्त कमी आहे': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत, फोनवर आणि रिपोर्टच्या वाकड्या फोटोंखाली (ज्यात नेमका फेरिटिनचा, म्हणजे लोहाच्या साठ्याचा, आकडा अंगठ्याखाली गेलेला असतो) जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. हे पान अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज या, आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या, दोन आजारांपुरतं आहे. गॅस, अ‍ॅसिडिटी किंवा आयबीएससाठी ते नाही. औषध आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना काय विचारायचं हे इथून कळलं तरी पुष्कळ झालं.

१. आजार आतड्याचा आहे, मग रक्त का कमी होतं?

कारणं दोन, आणि बहुतेकांत दोन्ही एकत्र असतात.

पहिलं म्हणजे गळती. चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर रक्तात साधारण २ मिलिग्रॅम लोह असतं. निरोगी माणूस दिवसभराच्या जेवणातून शोषतो तेही १ ते २ मिलिग्रॅमच. म्हणजे शौचावाटे रोज चमचाभर रक्त गेलं की दिवसाची सगळी कमाई गेली. दोन चमचे गेलं तर साठ्याला हात घालावा लागतो. हे रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही.

दुसरं कारण म्हणजे नाकाबंदी. शरीरात सूज असली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. ते आतड्यातून लोह रक्तात येण्याची वाट अडवतं आणि साठ्यातलं लोहही बाहेर पडू देत नाही. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून संसर्गाच्या वेळी शरीराने लोह कुलुपात ठेवणं शहाणपणाचंच आहे. पण क्रोन्स-कोलायटिसमध्ये सूज महिनोन्‌महिने राहते आणि कुलूप उघडतच नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. क्रोन्स बहुधा असतो लहान आतड्याच्या शेवटी. त्यामुळे 'आतडं खराब, म्हणून लोह लागत नाही' हे बहुतेकांच्या बाबतीत अर्धसत्य आहे. आतड्याचा तो भाग धड असतो, अडवणूक हेप्सिडिनची असते.

२. माझं हिमोग्लोबिन १२.४ आहे. म्हणजे लोह ठीक आहे ना? मग जिना चढताना धाप का लागते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गरोदरपणात ११ (दुसऱ्या तिमाहीत १०.५) ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेलं तर तो अ‍ॅनिमिया. तुम्ही स्त्री असाल तर १२.४ रेषेच्या वर आहे, पुरुष असाल तर खाली.

पण 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण इथे थोडी उलटी लागू होते. पोहरा भरलेला दिसतो, म्हणून आडात पाणी आहे असं समजायचं नाही. शरीर हिमोग्लोबिन शेवटपर्यंत सांभाळतं आणि आधी साठा रिकामा करतं. त्या काळातही थकवा, केस गळणं, रात्री पाय अस्वस्थ होणं, लक्ष न लागणं असे त्रास होऊ शकतात. कच्चे तांदूळ, माती, खडू, फ्रीजमधला बर्फ खावासा वाटणं हेही लक्षण आहे. बायका हे लाजून सांगत नाहीत, म्हणून आम्ही मुद्दाम विचारतो.

३. नेमक्या कोणत्या तपासण्या करायच्या?

हिमोग्राम (सीबीसी), फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती टक्के लोह चढलंय ते) आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा आकडा). या चार एकाच दिवशी, एकाच रक्तातून. नुसतं 'सीरम आयर्न' करून आणलेला रिपोर्ट फारसा कामाचा नसतो. तो आकडा दिवसाच्या वेळेनुसार आणि खाण्यानुसार वरखाली होतो. आयर्नची गोळी चालू असेल तर ती त्या सकाळी घेऊ नका.

आजार चालू असताना दर तीन महिन्यांनी आणि शांत असताना सहा ते बारा महिन्यांतून एकदा तपासणं रास्त.

४. माझं फेरिटिन ६८. लॅबने 'नॉर्मल' छापलंय, डॉक्टर म्हणतात कमी आहे. खरं कोण?

सीआरपी वाढलेलं असेल तर डॉक्टर. फेरिटिन हा साठ्याचा आकडा खरा, पण सूज आली की तो आपोआप फुगतो. म्हणून सूज नसताना ३० च्या खाली लोहाची कमतरता मानतात, तर सूज असताना १०० पर्यंतही कमतरता असू शकते. लॅबच्या कागदावरची मर्यादा सगळ्यांसाठी एकच छापलेली असते. तिला तुमचं आतडं माहीत नसतं.

फेरिटिन १०० च्या वर आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह शरीरात आहे पण कुलुपात आहे. तिथे आधी सूज उतरवावी लागते. ३० ते १०० च्या मधले बहुतेक पेशंट मिश्र असतात, थोडी कमतरता आणि थोडी अडवणूक. असे पेशंट आमच्याकडे सर्वांत जास्त येतात आणि 'नॉर्मल आहे' म्हणून घरीही यांनाच पाठवलेलं असतं.

५. गोळ्या घ्याव्यात की सलाईनमधून आयर्न?

युरोपातल्या क्रोन्स-कोलायटिसच्या तज्ज्ञ संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आम्हीही साधारण तीच पाळतो. हिमोग्लोबिन १० किंवा वर आहे, आजार शांत आहे आणि पूर्वी गोळ्यांचा त्रास झालेला नाही, तर गोळ्या चालतात. हिमोग्लोबिन १० च्या खाली, आजार उसळलेला किंवा गोळ्या सोसत नाहीत, यांपैकी एक जरी असलं तरी शिरेतून.

सलाईन हा 'शेवटचा उपाय' आहे, असं समजून लोक सहा-सहा महिने गोळ्या रेटतात. हेप्सिडिनने वाट अडवली असेल तर तोंडाने कितीही लोह घातलं तरी बहुतेक सगळं संडासात जातं. गोळी लागू पडली नाही यात पेशंटची चूक नसते. त्याला 'नीट घेत नसशील' म्हणून रागावणं मला तरी पटत नाही.

६. गोळी कशी घ्यायची? उपाशीपोटी मळमळतं.

सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर सर्वांत चांगली शोषली जाते. अगदीच मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या. शोषण कमी होईल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते बरं.

घात करतो तो चहा. एका आजोबांची सगळी तपासणी झाली, गोळ्या नियमित होत्या, फरक शून्य. शेवटी त्यांच्या सुनेने सहज सांगितलं, 'गोळी मी स्वतः देते, रोज चहा-पोळीबरोबर.' चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. गोळी आणि चहा-कॉफी यांत किमान दोन तासांचं अंतर हवं. दूध, कॅल्शियमची गोळी आणि अँटासिडलाही तेच. स्टिरॉइड चालू असलेल्यांना कॅल्शियम हमखास दिलेलं असतं, ते रात्रीवर ढकला. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणि थायरॉइडची गोळी तर आयर्नबरोबर घेतली की स्वतःच निकामी होते. त्यांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

डोसबद्दल: दिवसाला १०० मिलिग्रॅम शुद्ध लोहाच्या वर जाण्यात अर्थ नाही. एक डोस घेतला की हेप्सिडिन दिवसभर चढलेलं राहतं, म्हणून दिवसातून दोनदा घेण्यापेक्षा एकदा किंवा एक दिवसाआड घेणं बरं, असं अलीकडचे अभ्यास सुचवतात. ते अभ्यास आतड्याचा आजार नसलेल्या तरुण स्त्रियांवरचे आहेत, पण पोटाला त्रास कमी होतो म्हणून आम्ही दिवसाआडची पद्धत बऱ्याचदा वापरतो.

७. पाकिटावर २०० मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे मी जास्त घेतोय का?

बहुधा नाही. तो क्षाराचा आकडा असू शकतो. फेरस फ्युमरेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत शुद्ध लोह ६५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. फेरस अ‍ॅस्कॉर्बेटच्या गोळ्यांवर मात्र बहुधा शुद्ध लोहच लिहिलेलं असतं, १०० मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यातल्या मोठ्यांच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती स्वस्त आहे म्हणून हलकी समजू नका.

८. गोळी सुरू केल्यापासून शौचाला काळं होतंय. आतून रक्तस्राव तर नाही ना?

आयर्नने शौचाचा रंग हिरवट-काळा होतो, पण आकार आणि वास नेहमीचाच राहतो. रक्तस्रावाचं शौच डांबरासारखं चिकट, चकचकीत असतं, पाणी टाकूनही भांड्याला धरून राहतं आणि त्याचा उग्र वास लपत नाही. तसं दिसलं, चक्कर आली किंवा छातीत धडधडलं, तर गोळीवर ढकलून थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिरेतून घेतलेल्या आयर्नने शौच काळं होत नाही.

९. आयर्नच्या गोळ्यांनी कोलायटिस उसळतो, हे खरं आहे का?

न शोषलेलं लोह आतड्यात पडून राहतं आणि सुजलेल्या अस्तराला त्रास देऊ शकतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांत गोळीमुळेच आजार उसळला, असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. पण पोटदुखी, जुलाब, मळमळ हे गोळीचेही त्रास आहेत आणि आजाराचेही, त्यामुळे गोंधळ होतो. गोळी आठवडाभर थांबवून पाहिली की बहुधा उलगडा होतो. डॉक्टरांना कळवून थांबवा, आणि कोलायटिसचं मूळ औषध त्याबरोबर थांबवू नका.

१०. सलाईनमधून किती वेळा घ्यावं लागतं? अ‍ॅडमिट व्हावं लागतं का?

अ‍ॅडमिट व्हावं लागत नाही, डे-केअरमध्ये होतं. किती लागेल ते वजन आणि हिमोग्लोबिनवर ठरतं. उदाहरणार्थ, वजन ६८ किलो आणि हिमोग्लोबिन ८.६ असेल, तर फेरिक कार्बोक्सिमाल्टोज या शिरेतल्या आयर्नच्या साध्या तक्त्याप्रमाणे एकूण १५०० मिलिग्रॅम लागतं: एकदा १००० आणि किमान आठवड्याने ५००. प्रत्येक वेळी सलाईन चालतं साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास, आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात.

आयर्न सुक्रोज स्वस्त आहे, पण एका वेळी २०० मिलिग्रॅमच देतात. त्याच पेशंटला आठ फेऱ्या. चाळीस किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्याने औषधाच्या किमतीबरोबर तिकीट आणि बुडालेला रोजही मोजावा. तेवढं धरलं की 'स्वस्त' पर्याय कधी कधी महागात पडतो.

सुई शिरेत नीट आहे ना, याकडे तुम्हीही लक्ष द्या. औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने, कधी कायमचा राहतो. जळजळलं किंवा फुगलं की लगेच सिस्टरना हाक मारा. 'चालतंय' म्हणून सोसत बसू नका.

११. आयर्नच्या सलाईनने रिअ‍ॅक्शन येते असं ऐकलंय. भीती वाटते.

ही भीती आली कुठून, तर जुन्या प्रकारच्या आयर्न डेक्स्ट्रानमुळे. आजच्या औषधांत जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी फारच विरळा. तरी ती हाताळण्याची सोय आहे अशाच ठिकाणी घ्यायचं, घरी कंपाउंडर बोलावून नाही.

त्यापेक्षा जास्त दिसते ती सौम्य प्रतिक्रिया: चेहरा लाल होतो, छाती आवळल्यासारखी वाटते, पाठ-कंबर धरते. बीपी पडत नाही, घसा सुजत नाही. सलाईन थांबवलं की काही मिनिटांत उतरते आणि हळू वेगाने बहुधा पुन्हा सुरू करता येतं. यालाच 'अ‍ॅलर्जी' लिहून आयुष्यभरासाठी आयर्न बंद केलेले पेशंट आम्हाला भेटतात. पूर्वी असं झालं असेल तर नेमकं काय झालं होतं ते आठवून सांगा.

दुसऱ्या दिवशी कणकण आणि सांधेदुखी झाली तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक नको (कारण प्रश्न १८ मध्ये). अंगात जोरदार संसर्ग किंवा ताप असेल तर तो उतरेपर्यंत आयर्नचं सलाईन पुढे ढकलतात.

१२. आमच्या गावात कमरेत आयर्नचं इंजेक्शन देतात. ते चालेल?

नको. दुखतं, डाग पडतो, शोषण बेभरवशाचं, आणि शिरेतल्या आयर्नपेक्षा सुरक्षितही नाही.

१३. औषध नको, खाण्यातूनच भरून काढलं तर? बीट, गूळ, खजूर चालू केलंय.

बिटाचा रंग रक्तासारखा आहे, एवढंच. त्यात लोह फार थोडं. गूळ-खजूर खा, पण उपचार म्हणून नको. पालकात लोह आहे, मात्र त्यातलं फारच थोडं अंगी लागतं. हळीव, शेवग्याचा पाला, राजगिरा, डाळी हे खरे उपयोगी, आणि त्यांवर लिंबू पिळलं किंवा सोबत आवळा-पेरू घेतला तर जास्त लाभतं. मांसाहार करत असाल तर मटण-कलेजीतलं लोह सर्वांत सहज शोषलं जातं. आमटी, चिंच-गुळाचं पिठलं अशा आंबट गोष्टी लोखंडी कढईत केल्या तर थोडं लोह त्यातही उतरतं. आजीची कढई माळ्यावरून काढायला हरकत नाही.

पण हिशेब प्रश्न १० मधला बघा. १५०० मिलिग्रॅमची तूट आणि दिवसाची कमाई १-२ मिलिग्रॅम. गळती पूर्ण थांबली तरी वर्षानुवर्षं लागतील. आहार भरलेला साठा टिकवायला.

क्रोन्समुळे आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर हळीव, पालेभाज्यांचे देठ, न शिजलेली मोड आलेली कडधान्यं आधी विचारून खा. तिथे आतडं अडण्याची भीती खरी आहे.

लोहासव, मंडूर भस्म घेत असाल तर सांगा. त्यांतही लोह असतं. आम्ही ओरडत नाही, हिशेबात धरतो.

१४. त्यापेक्षा रक्ताची एक बाटली चढवली तर झटपट काम होईल ना?

हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल (हृदयविकार असेल तर त्याच्या थोडं आधीच) किंवा रक्तस्राव जोरात असेल, तर रक्त लागतंच. एरवी नाही. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅमच लोह असतं, म्हणजे आकडा चढतो आणि साठा रिकामाच राहतो. रक्त चढवल्यावरही आयर्न द्यावंच लागतं, आणि डिस्चार्जच्या गडबडीत नेमकं तेच राहून जातं.

१५. सलाईनला पंधरा दिवस झाले, फेरिटिन ७४० आलंय! जास्त झालं का?

तपासणी लवकर केलीत. शिरेतल्या आयर्ननंतर फेरिटिन काही आठवडे खोटं चढलेलं असतं. हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी बघा, किमान २ ग्रॅमने वाढायला हवं. फेरिटिन आठ ते बारा आठवड्यांनी. तेव्हाही ८०० च्या वर आणि सॅच्युरेशन ५० टक्क्यांच्या वर असेल तर जास्त म्हणायचं आणि पुढचा डोस थांबवायचा.

१६. आयर्न घेतल्यावर हिमोग्लोबिन वाढलं, पण थकवा वाढला आणि हाडं दुखायला लागली. असं कसं?

फॉस्फेट तपासा. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजनंतर काहींत मूत्रपिंडावाटे फॉस्फेट वाहून जातं. बहुधा ते आपोआप सावरतं. पण वारंवार डोस घेणाऱ्यांत, ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांत पातळी बरीच घसरून हाडं मऊ पडू शकतात. गंमत अशी, की थकवा वाढला म्हणून पेशंट आणखी आयर्न मागतो आणि प्रकरण चिघळतं. फॉस्फेट पडत असेल तर पुढच्या वेळी दुसऱ्या प्रकारचं आयर्न निवडता येतं.

१७. आयर्न पुरेसं दिलं, तरी हिमोग्लोबिन हलत नाही.

इथे लोहाच्या पलीकडे बघावं लागतं. क्रोन्समध्ये लहान आतड्याचा शेवटचा तुकडा काढला असेल तर बी-१२ कमी पडतं, कारण ते तिथेच शोषलं जातं. सल्फासालाझिन आणि मेथोट्रेक्सेट या आजाराच्याच औषधांमुळे फॉलिक अ‍ॅसिडची अडचण होते. अ‍ॅझाथायोप्रिन हे तिसरं औषध अस्थिमज्जा दाबू शकतं. शिवाय ते तांबड्या पेशींचा आकार मोठा करतं, आणि लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात. दोन्ही एकत्र आले की रिपोर्टात आकार अगदी 'नॉर्मल' दिसतो आणि सगळेच फसतात.

पेशी खूप लहान, त्यांची संख्या मात्र भरपूर आणि फेरिटिन चांगलं, असं चित्र असेल तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष, असू शकतो. आपल्याकडे सिंधी, कच्छी, लोहाणा समाजांत तो जास्त दिसतो, पण इतरांतही असतो. तिथे आयर्न ओतून उपयोग नाही. ही तपासणी लोहाचा साठा भरल्यावर करा, कारण लोह कमी असताना थॅलेसेमिया ओळखायचा आकडा दबलेला दिसू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलही लक्षात ठेवावा लागतो.

१८. आजार दोन वर्षं शांत आहे. तरी लोह पुन्हा कमी झालं. असंच होत राहणार का?

'कोलायटिस आहे ना, मग होणारच' हे उत्तर मला सर्वांत धोक्याचं वाटतं. आधी आजार खरंच शांत आहे का ते बघा. लक्षणं नसतानाही आतून सूज असते, शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी ते सांगते. मग इतर वाटा: मासिक पाळीत जास्त जाणं, मूळव्याध, जंत, सीलियाक (गव्हाने आतडं बिघडण्याचा आजार), आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या. या गोळ्यांनी आतड्याला जखमा होतात आणि आजारही उसळू शकतो.

आणि कॅन्सर. मोठ्या आतड्याचा आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली असतील तर ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करावीच लागते. उजव्या बाजूच्या गाठीतून रक्त इतकं हळू झिरपतं की पहिली खूण बऱ्याचदा घसरलेलं फेरिटिन हीच असते. आपल्याकडे आणखी एक: क्रोन्स म्हणून औषध चालू आहे, पण लोह आणि वजन दोन्ही घटतंय, तर आतड्याच्या टीबीचा विचार पुन्हा करावा लागतो. दोघे दुर्बिणीतून हुबेहूब दिसू शकतात.

१९. मी तीन महिन्यांची गरोदर आहे, क्रोन्स आहे. सलाईन घेता येईल का?

पहिल्या तिमाहीत शिरेतलं आयर्न टाळतात, त्यानंतर गरज असेल तर देतात. तोवर गोळ्या प्रश्न ६ प्रमाणे. क्रोन्सची औषधं मनाने बंद करू नका. गरोदरपणात उसळलेला आजार बाळाला त्या औषधांपेक्षा जास्त त्रास देतो. याला अपवाद आहेत, त्यांतलं मुख्य मेथोट्रेक्सेट. ते गरोदरपणात चालतच नाही, चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.

२०. ऑपरेशन करून मोठं आतडंच काढलं, पाऊच केला. आता लोह कमी व्हायचं कारणच काय?

पाऊच म्हणजे काढलेल्या आतड्याच्या जागची पिशवी; ती लहान आतड्याचीच बनवलेली असते आणि तिलाही सूज येते. तीतून रक्त झिरपतं. 'कोलायटिस गेला' म्हणून रक्ततपासणी सोडलेले पाऊचवाले पेशंट चार-पाच वर्षांनी हिमोग्लोबिन ८ घेऊन येतात. वर्षातून एकदा प्रश्न ३ मधल्या चार तपासण्या करा, आणि पाऊच रिकामा करायला दिवसातून किती वेळा जावं लागतं तो आकडा डायरीत लिहून सोबत आणा.